बावीस नंबरचा डबा

पानठेल्यावर अजीमनं तंबाखूचा खर्रा घोटायला सुपारीचा डबा पुढं ओढला आणि शिरीनच्या हातातली पाण्याची बाटली तोंडाशी जाता जाता थांबली. डबा राखाडी होता, वीतभर लांबीचा, जाड प्लास्टिकचा. झाकणाच्या कडेला एक भोक होतं, त्यात पूर्वी अँटेना होती. आता तिथं अगरबत्ती खोचलेली. आणि झाकणावर पिवळ्या ऑइलपेंटनं काढलेला आकडा, २२. दोन्ही दोनांच्या शेपट्या खाली ओघळलेल्या. ब्रशला रंग जास्त झाला होता आणि शिरीननंच तेव्हा म्हटलं होतं, जाऊ दे, जंगलात कोण अक्षर बघायला येतंय. मे महिन्यातलं चंद्रपूर, दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं, समोर जेलची काळी भिंत तापून निघाली होती, आणि या सगळ्यात तिच्या अंगावर सरसरून काटा आला. "हा कुठून आणला?" तिनं विचारलं. अजीम तिच्याच मोहल्ल्यातला, लहानपणापासून ओळखीचा, तिला थोरल्या बहिणीसारखं बाजी म्हणणारा. तो खर्रा घोटत म्हणाला, "भंगारातून, बाजी. मस्त मजबूत माल हाये. पाण्याचा थेंब आत नाई जात." पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून कोणी रात्रंदिवस खपून त्याच्या कडांना लेप लावला होता, हे अजीमला काय ठाऊक. "कधी आणला?" "होळीच्या पयले. होळीले तं याच डब्यातून साऱ्या मोहल्ल्याले खर्रा घोटून देल्ला. काऊन, काय झालं?" शिरीननं सुपारी कागदावर ओतायला लावली आणि डबा मागितला. तो हसत म्हणाला, "न्या ना, तुमच्याहून जास्त हाये का." डब्याला तंबाखूचा आणि चुन्याचा वास येत होता. होळीच्या आधी, होळीच्या आधी, एवढंच तिच्या डोक्यात वाजत राहिलं.

कारण रामनवमीच्या आठवड्यात हा डबा बोलला होता. धानोऱ्याच्या पुढं भवरटोल्याच्या जंगलात, मोहाच्या झाडावरून, हा बावीस नंबरचा डबा बोलला होता की इथं आग लागली आहे, आणि त्याच्या शब्दावर एक माणूस गेला महिनाभर या समोरच्या भिंतीआड बसला होता. शिरीन कॉलेजात शिकवायची, तात्पुरत्या नेमणुकीवर, आणि गुणवंतरावांच्या हाताखाली पीएचडी करायची. जंगलात साठ डबे लावायचे, प्रत्येकात तापमान आणि धूर ओळखणारं यंत्र आणि छोटासा रेडिओ, वणवा लागला की एका डब्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं करत निरोप वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या छतावरच्या खांबापर्यंत आणि तिथून खालच्या कॉम्प्युटरवर, असा तो प्रकल्प होता. बावीस नंबर तिनं गेल्या वर्षीच्या मोहफुलांच्या दिवसांत स्वतः बांधला होता, भवरटोला या वस्तीतल्या बुधूच्या मोहावर. झाड सरकारी जंगलातलं, पण बुधूच्या आज्यापासून त्याखालची फुलं त्यांचंच घर वेचत आलेलं, म्हणून सगळे त्याला बुधूचा मोह म्हणायचे. बुधूनं शिडी धरली होती. त्याची बायको रुखमा खाली उभी राहून वर बघत होती, आणि तिनं विचारलं होतं, "बाई, हा डब्बा आमाले पाह्यते का?" शिरीन शिडीवरून हसून म्हणाली होती, "नाही हो. हा फक्त आग पाहतो. माणूस नाही पाहत." रुखमाला पटलं असावं, कारण तिनं मग पळसाच्या पानावर मूठभर ओली मोहफुलं दिली होती, आणि त्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास परतीच्या जीपमध्ये भवरटोल्यापासून गडचिरोलीपर्यंत शिरीनच्या बोटांना येत होता. आज त्याच बोटांना चुना लागला होता, आणि आपण काय सहज, किती ऐटीत बोलून गेलो, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

रामनवमीच्या आठवड्यात वरचे साहेब लोक प्रकल्प पाहायला आले होते. रेंज ऑफिसात पंखा, थंड पाणी, काजू, कॉम्प्युटरच्या पडद्यावर साठ हिरवे ठिपके. साहेब लोक बसले, चहा झाला, पडद्यावर काही घडेना. एक साहेब घड्याळ बघायला लागले. गुणवंतराव बाहेर जाऊन आले. आणि मग एकाएकी बावीसचा ठिपका लाल झाला, सायरन वाजला, साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. गार्ड लोक धावले. बावीसच्या झाडाखाली राख सापडली, हात लावून पाहिली तर अजून ऊन होती, आणि जवळच टोपली घेऊन फुलं वेचणारा बुधू सापडला. झालं. आदल्या आठवड्यात त्याच भागात सागाची नवी लागवड जळाली होती आणि गुन्हेगार मिळत नव्हता. तो आता मिळाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शिरीननंही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, त्यात ती कडेला उभी, ओढणी नीट केलेली. अब्बांनी तो फोटो कापून दुकानात शिवणयंत्राच्या वर चिकटवला. आणि शिरीन मनातून चिडली होती ती कोणावर, तर बुधूवर. एवढं समजावून सांगितलं, डबा लावलाय, पाला पेटवू नका, तरी या माणसानं ऐकलं नाही म्हणजे काय. आपल्याला तो तोंडघशी पाडणार होता, पण यंत्रानं बरोबर पकडलं, असं तिला वाटलं होतं. असं तिला खरोखर वाटलं होतं, आणि आता अजीमच्या ठेल्यापाशी उभं राहून ते आठवताना तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. डबा इथं सुपारी सांभाळत होता. मग भवरटोल्याला त्याच्या नावानं बोललं कोण?

कसं बोललं हे तिला विचारायची गरजच नव्हती. तिची पीएचडीच त्यावर होती. प्रत्येक डबा आपला निरोप एका गुप्त आकड्यात गुंडाळून पाठवतो. त्या आकड्याला ते लोक की म्हणायचे. निरोप उलगडला की खांबाला कळतं, हा आपल्याच डब्याचा शब्द आहे, उपऱ्याचा नाही. शिरीनचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, की प्रत्येक डब्याची की वेगळी पाहिजे. जंगलात झाडाला बांधलेली वस्तू, कोणीही काढून नेईल, उघडेल. एक डबा हरवला तर त्याचं एकट्याचं नाव खोडता आलं पाहिजे, म्हणजे मग त्याच्या नावानं कोणी कितीही ओरडो, खांब ऐकणार नाही. हरवलेल्याची की रद्द कशी करायची, उरलेल्यांना नवी कशी पोचवायची, यावर तिनं दोन वर्षं घातली होती, उन्हाळ्याच्या सुट्या घातल्या होत्या, एक ठरत आलेलं लग्नही त्यातच बारगळलं होतं. आणि गुणवंतरावांनी खुर्चीत रेलून, दातांतली बडीशेप जिभेनं काढत म्हटलं होतं, "अहो मॅडम, साठ डब्यांना साठ किल्ल्या कशाला? बॅटरी जाते, वेळ जातो. सगळ्यांत एकच टाका. सगळे आपलेच तर डबे आहेत." सगळे आपलेच तर डबे आहेत! हे वाक्य तिनं त्या दिवशी गिळलं होतं, गाईडच्या तोंडी कोण लागणार. पण ते पोटात गेलं नव्हतं, घशातच कुठंतरी काट्यासारखं अडकून बसलं होतं आणि आता टोचायला लागलं होतं. ज्याच्या हाती एक डबा, तो साठांपैकी कोणाच्याही नावानं बोलू शकत होता. आणि कोण खोटं बोललं हे देवालाही ओळखता आलं नसतं, कारण सगळ्यांची खूण एकच.

ती रस्ता ओलांडून जेलच्या फाटकाकडं गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. भेटीला आलेली माणसं कडुनिंबाखाली बसली होती, आणि त्यांत रुखमा होती. दोन एस्ट्या बदलून आली असणार. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर, जी आत घेत नाहीत हे तिला प्रत्येक वेळी सांगतात आणि जी ती प्रत्येक वेळी आणते. शिरीनला पाहून ती उठायला लागली, नमस्कारासाठी. तो नमस्कार शिरीनला तोंडात मारल्यासारखा लागला. "बाई, तुमी सांगा ना सायबाले," रुखमा म्हणाली. "लागवड आमी नाई जाळली. झाडाखालचा पाला जाळला, थो तं जाळाच लागते. नाई तं फूल पाल्यात दडते, कसं येचाचं? साऱ्या टोल्याच्या मोहाखाली राख हाये. आमचीच राख काऊन दिसली त्याइले?" शिरीनच्या हातात डबा होता. रुखमानं तो पाहिला, ओळखला नाही, किंवा ओळखून गप्प राहिली. साऱ्या टोल्याच्या मोहाखाली राख. मार्च-एप्रिलात पहाटे मोह गळतो, त्याआधी खालची जागा पेटवून झाडून साफ करायची, ही तिथली अंगण सारवण्यासारखी रीत. गार्डांना ती ठाऊक, रेंजरला ठाऊक. त्या दिवशी लाल ठिपका सव्विसावर पडला असता तर सव्विसाखाली राख सापडली असती, एकतिसावर पडला असता तर एकतिसाखाली. माणूस आधीच तयार होता, फक्त नंबर पडायचा बाकी होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत अक्रम एकटाच होता, सोल्डरिंगचा धूर फुंकत बसलेला. प्रकल्पातला मदतनीस, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिला बाजी म्हणायचा आणि तिनं जेवणाचा डबा आणायला लावला तर मनापासून आणायचा. तिनं बावीस नंबर त्याच्या पुढ्यात आपटला. त्यानं तो पाहिला, उघडला, आत डोकावला आणि हसला. मग तिच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं तेव्हा हसू जिरलं. "मीच बोललो होतो बावीसच्या नावानं, बाजी," तो म्हणाला. काही लपवायचं असतं हेसुद्धा त्या पोराच्या डोक्यात आलं नव्हतं. "साहेब लोक कंटाळून राह्यले होते ना. सर बाहेर आले, म्हणे, अक्रम, काहीतरी दाखव बाप्पा, नाई तं पुढच्या वर्षाचा प्रकल्प गेला. मी ऑफिसमागच्या रेस्ट हाउसात, डब्यात बसवतो तसा रेडिओचा बोर्ड घेऊन बसलो होतो. की तं एकच हाये साऱ्याइची." "बावीसच का?" "बावीस तं कितीक दिवसांपासून चूपच होता. पडद्यावर हिरवा दिसे, म्हणजे सरांनीच तसं ठेवाले लावलं होतं, पण होता चूप. म्हटलं, याच्या नावानं बोललो तं मधात दुसरा कोणी बोलणार नाई." तो बिनचूक बोलत होता. चोरीला गेलेला डबा म्हणून गप्प, गप्प म्हणून सोयीचा, सोयीचा म्हणून त्याच्या नावानं आग, आग म्हणून बुधू. अक्रमला ओरडावं असं तिला वाटलं, पण त्याला ओरडून काय होणार होतं, तो आता बोर्डाकडं बघत नखं कुरतडत होता. "त्या माणसाले धरतील असं कोणाले माहीत होतं, बाजी. मले वाटलं, जाऊन पाह्यतील, आग नाई दिसली की येतील वापस." तिनं टेबलावरचा तो बोर्ड उचलला आणि पर्समध्ये टाकला. "यात अजून बावीसच भरलंय?" अक्रमनं मान हलवली. "बटण दाबलं का बोलते."

गुणवंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि या शांतपणाचाच तिला सर्वांत जास्त संताप आला. त्यांच्या केबिनला वाळ्याचा पडदा होता, त्यावर शिपाई अधूनमधून पाणी मारायचा, आणि त्या गार, सुगंधी अंधारात बसून ते म्हणाले, "पाला तर त्यानं जाळला होताच ना? मग आपण खोटं काय बोललो? वेळ थोडी मागंपुढं झाली इतकंच." ती म्हणाली, "सर, लागवडीचा गुन्हा लावलाय त्याच्यावर. आत आहे तो." ते म्हणाले, "ते कोर्ट बघेल. आपण तांत्रिक माणसं." मग पुढं वाकून, आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, "शिरीन, तुमचा प्रबंध माझ्या सहीवर अडलाय. जूनमध्ये नेमणुका नव्यानं होतील. आणि तुम्ही लोक आधीच किती धडपडून इथवर येता, मला काय ठाऊक नाही? एका पाला जाळणाऱ्यासाठी या सगळ्यावर पाणी सोडू नका." तुम्ही लोक. ती उठली. वाळ्याचं पाणी तिच्या खांद्यावर पडलं आणि बाहेरच्या उन्हात क्षणात वाळलं.

घरी, पुढच्या खोलीतल्या दुकानात अब्बा शिवत होते. नूरुद्दीन टेलर, जेलच्या मागची गल्ली, खाकीचे स्पेशालिस्ट. जंगल खात्याच्या निम्म्या जिल्ह्याच्या वर्द्या याच यंत्राखालून गेलेल्या. शिरीन लहानपणी खाकीच्या चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि शेजारची कांता तिला चिडवायची की तुझ्या बाहुल्या पोलिसात भरती झाल्या काय गं. त्या कापडाची खळ, तो कोरा, नाकाला झोंबणारा वास म्हणजे तिच्यासाठी घर, फीचे दिवस, ईदचे दिवस. बुधूला धरून नेणाऱ्या गार्डाच्या अंगावरचा शर्टही अब्बांनीच शिवलेला असणार. तिनं सांगितलं तसं यंत्र थांबलं. अब्बांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बेटा, तू खरी हायेस," ते म्हणाले. "पण तिकडचं जंगल म्हणजे इथली बाजारपेठ नाई. तिथी कोणाच्या बाजूनं बोललं का बोलणाऱ्यालेच पह्यले विचारतात, तू कोणाची. अन मग आपलं नाव आइकतात." भिंतीवरचा पेपरातला फोटो तिनं ओढून काढला. डिंकानं धरलेला कोपरा तसाच भिंतीला राहिला. अब्बा बघत राहिले, मग म्हणाले, "सकाळी पह्यल्या गाडीनं जा. उन्हात नको जाऊ." एवढंच म्हणाले आणि परत यंत्र सुरू केलं. त्यांना अडवता आलं असतं, आणि त्यांनी अडवलं नाही, यानंच तिचे डोळे भरून आले.

एस्टी मूलच्या जंगलातून, वैनगंगेच्या पुलावरून, गडचिरोलीतून धानोऱ्याला जाईपर्यंत तिनं पर्स पोटाशी धरून ठेवली होती. एका बाजूला रिकामा डबा, दुसऱ्या बाजूला बोर्ड, तळहाताएवढा. खिडकीतून जळक्या पाल्याचा वास येत होता आणि रस्त्याच्या कडेला प्रत्येक मोहाखाली काळी, गोल, स्वच्छ जागा दिसत होती. ती मोजायची नाही असं ठरवूनही नजर तिथंच जाई. दोन वर्षं तिनं एकाच शत्रूचा विचार केला होता, रात्री जंगलात शिरून डबा काढून नेणारा, उघडणारा, आतला आकडा चोरणारा कोणीतरी. त्याच्यासाठी किती युक्त्या रचल्या होत्या. डबा नेणारा निघाला तो बिचारा कोणी भंगार वेचणारा, ज्याला आतलं काही नकोच होतं, बाहेरचं प्लास्टिक हवं होतं. आणि ज्यांच्यापासून जपायला हवं होतं ते आतच बसले होते, काजू खात. प्रबंधात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती. शेजारच्या सीटवरची म्हातारी तिला म्हणाली, "काऊन वं बाई, दात खाऊन राह्यली? दुखते का?" शिरीनला हसू आलं, आणि ते आल्याचाही राग आला.

धानोऱ्याच्या रेंज ऑफिसात रेंजर साहेबांनी तिला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. बाहेरच्या खोलीत वायरलेस सेटवर मुखरू नावाचा ऑपरेटर बसला होता, त्यानंही हात जोडले. कॉम्प्युटरवर साठ ठिपके, साठही हिरवे, बावीससुद्धा हिरवागार. "बुधूला सोडा," शिरीन म्हणाली. "ती आग लागलीच नव्हती. निरोप खोटा होता." साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं. "मॅडम, राख गरम होती." "राख सगळ्या मोहांखाली गरम होती." "असेल. पण मशीननं त्याचंच झाड सांगितलं ना? आम्ही मनानं धरलं का कोणाला? तुमच्याच मशीननं सांगितलं." तिनं डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं, तळाशी चुना आणि सुपारीची दोन खांडं. "हा तुमचा बावीस नंबर. होळीच्या आधीपासून चंद्रपूरला पानठेल्यावर आहे." साहेबांनी डबा बोटानं फिरवून पाहिला. चेहऱ्यावर काही हललं, पण ते लगेच सावरलं. "पानठेल्यावाल्याचं कोर्टात कोण ऐकणार? आणि मॅडम, एक सांगू? या भागात तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. कोण कोणासाठी का धावतं, हे वरून विचारतात मग." अब्बांचंच वाक्य, पण या तोंडून ते वेगळं ऐकू आलं. समजावून सांगायचं, की म्हणजे काय, एकच की असली की काय होतं, हे सगळं तिनं एस्टीत जुळवून आणलं होतं. ते सगळं तिनं सोडून दिलं. पर्समधून बोर्ड काढला, सुपारीच्या डब्याशेजारी ठेवला आणि बटण दाबलं.

सायरन वाजला. बावीसचा ठिपका लाल झाला, इथं, टेबलावर चुन्यानं बरबटलेल्या बावीसच्या समोर. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. बाहेर मुखरूला काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं सवयीनं सेट उचलला आणि जंगलातल्या गार्डाला हाक घातली. साहेब "अरे थांब" म्हणेपर्यंत निरोप गेलासुद्धा. साहेबांनी डब्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, रुमालानं मान पुसली. शिरीन उभीच होती. थोड्या वेळानं सेट खरखरला आणि धापा टाकणारा आवाज आला. "साहेब, हेमराज बोलून राह्यलो. बावीस नंबरच्या झाडापाशी हावो. इथी आग नाई, धूर बी नाई. राख हाये, जुनीच. अन बुधू तं आतमंदीच हाये." क्षणभर खरखर. "तं या खेपी नाव कोणाचं टाकू?"

मुखरूनं सेट हातात धरून दारातून साहेबांकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं. शिरीन बाहेरच्या खोलीत गेली आणि मुखरूच्या हातातून सेट घेतला. "हेमराजभाऊ, मी शिरीन. डबे लावायला आले होते ती. आत्ताची आग मी लावली, इथून, साहेबांच्या टेबलावरून. रामनवमीची आमच्या कॉलेजनं लावली होती, इथंच मागं बसून. बुधूनं नाही. नाव माझं टाका. शिरीन नूरुद्दीन."

मग हेमराजचा आवाज आला, नेहमीच्या कामाचा, शांत. "राहणार कुठल्या, बाई?"

"चंद्रपूर," ती म्हणाली. "जेलच्या मागं." आतून साहेब ताडताड येत होते, वायरलेसवर दुसऱ्या कोणाला मधे काही बोलता येऊ नये म्हणून तिनं सेटचं बोलायचं बटण दाबूनच ठेवलं.